त्राटिकेचं पाऊल

लहानूकाकांनी पुन्हा संबळ थांबवला आणि काड्या काखेत धरून कपाळावरचा घाम पुसला.

“पाय पडत नाय रं दिन्या. मी कुणासाठी वाजवू?”

“पडतोय की काका. तुमच्या ठोक्याबरोबर पडतोय.”

“ठोक्याबरोबर पडतो, तोच तर घोळ हाय. शाळंतल्या कवायतीसारखा पडतो. त्राटिका काय कवायतीला निघाली का?”

“मग कसा पडाया पायजे ते तरी सांगा.”

“मला माझ्या हाताचं इचार. पायाचं तुझ्या बापाला.”

अंगणात उभ्या दिनेशने मान खाली घातली. त्याच्या पायात घुंगरं होती, कमरेला आईचं जुनं लुगडं गुंडाळलेलं होतं. ओट्यावरच्या खाटेवर बाबा बसले होते. त्यांचा उजवा हात मांडीवर निपचित पडला होता. त्यांनी दिनेशच्या पायांकडे पाहत मान हलवली. नाही. दिनेशने पाऊल टाकलं की ते रोज अशीच मान हलवत. नाही एवढंच त्यांना सांगता येत होतं. कसं ते सांगता येत नव्हतं.

तृप्ती दाराच्या चौकटीला टेकून हे बघत होती. ती दिनेशची मोठी बहीण, नाशिकच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायची. रविवारी पेठची एस.टी. धरून आणि पुढे जीपने ती बोरीपाड्याला आली होती. आपण आल्याने काही फरक पडणार नाही हे तिला ठाऊक होतं. नाचाचं तिला काही कळत नव्हतं. पण घरात कुणी आजारी असलं की माणूस नुसता जाऊन बसतो, तशी ती आली होती.

बोरीपाड्याच्या बोहाड्यात, म्हणजे दर वर्षीच्या मुखवट्यांच्या उत्सवात, रात्रभर देवांची आणि राक्षसांची सोंगं निघतात आणि प्रत्येक सोंगाचं घर ठरलेलं असतं. त्राटिका काळूच्या घराची. काळू म्हणजे बाबा. त्यांच्या आधी त्यांचे वडील ती नाचवत. लाकडाचा जड मुखवटा, पिवळा रंग, बाहेर आलेले सुळे, आणि त्याखाली बाबांचे ते पाय. मशालींच्या उजेडात त्राटिका आली की लहान पोरं आयांच्या पदरात शिरायची आणि तिथूनच एका डोळ्याने बघायची.

गेल्या वर्षी बोहाड्याच्या तोंडावर बाबांना झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. त्या वर्षी त्राटिकेचा मुखवटा खुंटीवरच राहिला. गावाने समजून घेतलं. पण गावाचा रिवाज असा, की एखाद्या घराचं सोंग लागोपाठ दोन वर्षं उभं राहिलं नाही, तर ते दुसऱ्या घराकडे जातं. यात कुणाचा दुष्टावा नव्हता. देवाचं काम अडवून ठेवता येत नाही, एवढंच. खालच्या आळीतल्या एका घराने नम्रपणे विचारूनही ठेवलं होतं. आणि वाकडातिकडा नाच करून सोंग उभं राहिलं असं होत नाही. संबळवाला वाजवायला तयार असावा लागतो. लहानूकाका तयार नव्हते.

बाबा गेल्या वर्षभरात काय काय सोसत आले ते तृप्तीने पाहिलं होतं. दुसऱ्याच्या हातून जेवणं, काठी, डॉक्टरांचे उलटसुलट सल्ले. त्यांनी सगळं निमूट घेतलं. पण परवा मुखवटे रंगवायला काढले तेव्हा त्यांनी त्राटिकेचा मुखवटा डाव्या हाताने मांडीवर ओढून घेतला आणि कुणी उचलायला गेलं तरी सोडला नाही. आईने, म्हणजे झुंबरबाईने, हे तृप्तीला फोनवर सांगितलं होतं. सांगताना ती मध्येच थांबली होती. म्हणून तृप्ती आली होती.

“तू शिकलास तरी कशावरून?” तिने दिनेशला विचारलं. तो सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत कामाला होता आणि सराव पाळ्या सांभाळून करत होता.

“फोनवर हाय ना बाबांचा व्हिडिओ. सगळ्या गावाकडं हाय.”

“फोनात बघून बायको मिळंल,” लहानूकाका म्हणाले, “त्राटिका नाय मिळायची.”

आई हसली. बाबांच्या तोंडाची डावी कडही थोडी वर गेली. दिनेशने चिडून फोन तृप्तीच्या हातात दिला.

व्हिडिओ जुना होता आणि फार वेळा इकडून तिकडे गेलेला. मशालींचे पिवळे डाग, गर्दीचा गलका, आणि मध्ये त्राटिका. तृप्तीने पायांशी चित्र मोठं केलं. पाय उचलला जाई तिथे एकाच्या जागी दोन पाय दिसत, एक गडद, एक फिकट, एकमेकांवर पसरलेले. पाऊल जमिनीला टेके तेव्हा तर नुसता राखाडी डाग राही. संबळ ऐकू येत होता, पण बाकी सगळे आवाज एकात एक कालवल्यासारखे.

“दिनू, ह्यात पाय दिसतच नाहीये.”

“दिसतोय की. हा काय.”

“हा पाय नाही. हे दोन क्षणांचे पाय एकावर एक आलेत.” तिने फोन परत दिला. “हा व्हिडिओ कुणी केला?”

“पेठच्या मोबाइलवाल्यानं बारीक करून दिला. फोनात बसत नव्हता ना.”

“आणि मूळ कुणी काढलेला?”

“घोटीचा शेखर फोटोवाला. लय वर्षं झाली त्याला.”

*

घोटीला भातगिरण्या आहेत. शेखरच्या दुकानाच्या काचेवर वाऱ्याने आलेल्या कोंड्याची पातळ साय बसली होती. आत नव्या लग्नांचे अल्बम, दोन मोठे पडदे आणि त्यांच्यापुढे स्वतः शेखर. चाळिशी ओलांडलेला, गळ्यात चष्म्याची दोरी. बाहेर पाटीवर अजून ‘फोटो व व्हिडिओ शूटिंग’ लिहिलेलं होतं.

तृप्तीने कोण, कुठली ते सांगितलं.

“त्राटिका!” शेखर खुर्चीतून उठलाच. “त्या पिवळ्या मुखवट्यावाल्यांच्या कन्या तुम्ही? बसा, बसा. अहो, मी तिकडं एका लग्नाला आलो होतो. नवीन कॅमेरा घेतलेला, एचडी. आख्ख्या घोटीत पहिला. हात नुसते शिवशिवत होते. नवरी सासरी गेली, माझं काम संपलं, तेवढ्यात कुणी म्हणालं रात्री बोहाडा आहे. राहिलो. कुणी सांगितलं नव्हतं काढ म्हणून.”

“आणि सकाळी घरी आले तेव्हा मी दाराला कडी लावून बसले होते,” आतून आवाज आला. शेखरची बायको उज्वला चहा घेऊन आली. “लग्न एका दिवसाचं, हे तिसऱ्या दिवशी उगवले. ताई, साखर चालते ना?”

“चालते.”

शेखरने बाबांविषयी विचारलं. तृप्तीने सांगितलं. तो चहाचा कप हातात धरून ऐकत राहिला. त्राटिका दुसऱ्या घरी जाण्याचं ऐकल्यावर त्याने कप खाली ठेवला.

“मूळ आहे माझ्याकडं,” तो म्हणाला. “पण एक सांगतो. ते उघडत नाही धड. त्या वेळच्या कॅमेऱ्यांची रेकॉर्डिंगची पद्धतच निराळी होती. मी संगणक बदलला, सॉफ्टवेअर बदललं, आणि जुनं सगळं रुसून बसलं. चित्र दिसतं तर आवाज नाही. एका ठिकाणी तर नुसता काळा पडदा. किती जणांनी सांगितलं, पुसून टाक, जागा मोकळी कर.”

“मी पण सांगितलं,” उज्वला म्हणाली. “कपाट भरलंय ह्या डबड्यांनी. लेकीच्या लग्नात काय आहेर म्हणून देणार आहेत का काय.”

“तरी नाही पुसलं,” शेखर म्हणाला.

“का?” तृप्तीने विचारलं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

शेखर थोडा ओशाळला. “काय सांगू. मी ज्यांच्याकडं शिकलो ते म्हणायचे, कॅमेऱ्याने बांधलेलं गाठोडं सोडायचं नाही. कार्डावर एक फोल्डर असतं, त्यात आणखी फोल्डर, त्यात पिटुकल्या फायली. त्या कशाला असतात हे त्यांनाही माहीत नव्हतं आणि मलाही नाही. बाकीचे फक्त मोठ्या फायली उचलायचे, चिल्लर फेकून द्यायचे. मी सगळं गाठोडं जसंच्या तसं उचलून ठेवत आलो. सवय लागली.”

त्याने कपाटातून एक जुनी हार्ड डिस्क काढली, शर्टाच्या कडेने पुसली आणि सगळं फोल्डर तृप्तीच्या डिस्कवर उतरवून दिलं. उतरेपर्यंत तो तिला त्या बोहाड्याची हकिकत सांगत होता. मारुतीची शेपटी मशालीला लागली होती म्हणे.

“तुमचे किती उपकार मानू,” निघताना ती म्हणाली.

“आधी उघडू तर द्या. आणि सोंग उभं राहिलं तर बोलवा. ह्या वेळी सांगून येईन,” त्याने उज्वलाकडे पाहिलं, “कडी लागायच्या आत.”

*

नाशिकला पेठ रोडवरच्या आपल्या फ्लॅटमध्ये तृप्तीने फोल्डर उघडलं. आत खरंच फोल्डरात फोल्डर होतं. तिने सवयीप्रमाणे कशालाही हात लावण्याआधी एक प्रत काढून ठेवली. मग मोठ्या फायली तिच्याकडच्या फुकटच्या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये ओढल्या.

चित्र आलं. फोनवरच्या डागांपुढे ते इतकं लख्ख होतं की ती खुर्चीत मागे सरली. मुखवट्याच्या सुळ्यांवरचा रंग कुठे उडालाय तेही दिसत होतं. पण आवाज नव्हता. खाली आवाजाची पट्टी सपाट, एक सरळ रेघ. बाबा मुक्याने नाचत होते.

तिने शोधलं. कारण साधं होतं. त्या काळातले कॅमेरे आवाज एका खास पद्धतीने बांधून ठेवत. ती पद्धत वापरण्याचा परवाना लागे आणि फुकटचं सॉफ्टवेअर तो घेत नसे. म्हणजे आवाज गेलेला नव्हता. तो आत होता, फक्त हे सॉफ्टवेअर त्याला ओळखत नव्हतं. हे वाचल्यावर तिला बरं वाटलं, आणि आपण बाबांच्या वाचेचा विचार करतोय हे ध्यानात यायला थोडा वेळ लागला. मग ती उठून गॅलरीत जाऊन आली.

दुसऱ्या दिवशी कॉलेजातून आल्यावर तिला एक छोटा प्रोग्रॅम सापडला. कुणीतरी आपल्या हौसेने लिहून सगळ्यांसाठी ठेवून दिलेला. त्याला चित्राशी काही करायचं नव्हतं. तो चित्र होतं तसंच राहू देई आणि आवाज तेवढा सोडवून साध्या रूपात शेजारी मांडून देई. तिने तो चालवला. सपाट रेघेच्या जागी डोंगररांग उभी राहिली, आणि खोलीत संबळ वाजला.

एक अडचण राहिली होती. लांबलचक रेकॉर्डिंग झालं की तो कॅमेरा त्याचे तुकडे पाडून ठेवी. तृप्तीने तुकडे ओळीने जोडले तर जोडावर एक गचका बसे आणि एक ठोका गिळला जाई. आणि नेमकी त्याच जोडावर त्राटिका आत येत होती. पहिलं पाऊल अर्धं इकडे, अर्धं तिकडे. मग तिला शेखरचं गाठोडं आठवलं. या वेळी तिने सुट्या फायली दिल्या नाहीत. अख्खं फोल्डर दिलं. त्या पिटुकल्या फायलींत कुठला तुकडा कुठल्यामागे आणि नेमका कुठे चिकटतो ते लिहिलेलं होतं. प्रोग्रॅमने तो मजकूर वाचला, आणि त्राटिका न अडखळता आत आली.

तृप्तीने कानाला हेडफोन लावला. संबळ, पिपाणी, लोकांचा गलका. आणि खाली, बारीक, घुंगरं. फोनच्या प्रतीत ती नव्हतीच, बारीक करताना गेली असावीत. ती डोळे मिटून ऐकत राहिली. प्रत्येक मोठ्या ठोक्याबरोबर घुंगरं वाजत होती. पण ठोक्याच्या किंचित आधीही काहीतरी वाजत होतं. अगदी हलकं, कुणी दारावर नख वाजवावं तसं. तिने आवाजाची रेघ मोठी करून पाहिली. दर मोठ्या उंचवट्याच्या अलीकडे एक छोटा उंचवटा होता. प्रत्येक वेळी.

एका पावलाचे दोन आवाज होते. दिनेशच्या पावलाला एकच होता.

आता तिला चित्रातून पाय हवे होते. ती पायांशी थांबली, आणि तिथे हलणारी प्रत्येक गोष्ट कंगव्याच्या दातांसारखी चिरलेली दिसली. सॉफ्टवेअरमध्ये हे दुरुस्त करायचं बटण होतं. तिने ते दाबलं. दात गेले, पण पाय धूसर झाला आणि पाऊल कधी टेकलं ते कळेना. पेठच्या मोबाइलवाल्यानेही बहुधा अशीच काहीशी दुरुस्ती केली असणार.

तिने बटण पुन्हा उलटं फिरवलं आणि विचार करत बसली. हे दात बिघाड नव्हते. तो कॅमेरा चित्र ओळींनी टिपत असे. एका क्षणी एकाआड एक ओळी, पुढच्या क्षणी मधल्या उरलेल्या. एका चित्रात असे दोन क्षण विणलेले. पाय स्थिर असला तर दोन्ही जुळत, पाय हलला की उसवत. दुरुस्तीच्या बटणाने काय होत होतं? ते एका क्षणाच्या ओळी फेकून देई, किंवा दोन्ही क्षण एकमेकांत कालवून टाकी. म्हणजे कॅमेऱ्याने जेवढं पाहिलं होतं त्यातलं निम्मं दर वेळी वाया जात होतं.

वर्गात मुलांना ती सांगायची, मोजमापात गोंधळ दिसला तर आधी पुसू नका, तो कुठून येतो ते बघा. आता तिने तेच केलं. ओळी कालवायच्या नाहीत, फेकायच्या नाहीत, दोन क्षण वेगळे करून प्रत्येकाचं स्वतंत्र चित्र करायचं, असं प्रोग्रॅमला सांगितलं. सेकंदाला पंचवीस चित्रं होती, त्यांची पन्नास झाली. मग तिने वेग निम्म्यावर आणला.

बाबांचा उजवा पाय हवेतून खाली आला. स्वच्छ, एकच पाय. आधी अंगठा टेकला. नुसता टेकला नाही, जमिनीवरून थोडा पुढे सरकला, चाचपडल्यासारखा, आणि घुंगरू हलकेच वाजलं. मग टाच आली, सगळ्या अंगाचा भार घेऊन, थेट ठोक्यावर.

तिने पुढचं पाऊल पाहिलं. त्याच्या पुढचं. सगळी तशीच.

हे पाऊल असं का, हे तिला चित्र बंद केल्यावर सुचलं. बोहाड्याचा मुखवटा पूजा झाल्यावर, सोंग निघायच्या वेळीच चढवतात, सरावात तोंडाला लावत नाहीत. आणि मुखवट्याला डोळ्यांच्या जागी दोन बारीक भोकं. त्यातून समोरची मशाल दिसेल, पायाखालची जमीन दिसणार नाही. अंगणात दगड, खुंट्या, बसलेल्यांचे पाय. बाबांचा अंगठा आधी जमीन बघत होता. आजोबांचाही बघत असणार. दिनेश मात्र उघड्या डोळ्यांनी सराव करत होता. त्याला जमीन दिसत होती, म्हणून त्याच्या अंगठ्याला काही काम नव्हतं.

त्या संध्याकाळी प्रोग्रॅम लिहिणाऱ्या त्या अनोळखी माणसाला तिने चार ओळींचा मेल केला. तुमच्यामुळे माझ्या वडिलांची घुंगरं मला ऐकू आली, असं लिहिलं. दोन दिवसांनी उत्तर आलं. तो कुठल्या देशातला ते काही कळलं नाही. त्याने लिहिलं होतं, कधी जमलं तर ती घुंगरं मलाही ऐकवा. तिने ऐकवली.

*

“डोळे बांधू?” दिनेश म्हणाला. “आंधळी कोशिंबीर खेळायची का ताई?”

“बांधून तर बघ.”

“आपटलो तर?”

“आपटलास तर सिन्नरला सुट्टी कळवते.”

तिने त्याला आधी लॅपटॉपवर पाय दाखवले होते. त्याने तीन-चारदा बघितले, मग आईकडून टॉवेल मागून आणला. लहानूकाकांनीही वाकून पाहिलं. पडद्यावर त्यांचा स्वतःचाही हात दिसत होता, केस काळे असतानाचा. “बारीक होतो रं मी,” एवढंच ते म्हणाले.

बाबांना मात्र पडद्याकडे बघायचं नव्हतं. तृप्तीने लॅपटॉप त्यांच्यापुढे धरला तर त्यांनी डाव्या हाताने तो बाजूला सारला आणि अंगणाकडे बोट केलं. तिकडे दाखव.

टॉवेल बांधला. आईने अंगणातली कोंबडी हाकलली. लहानूकाकांनी संबळ कमरेला नीट केला आणि पहिला हात टाकला.

सुरुवातीला दिनेश अडखळला. पाय उचलला आणि कुठे ठेवू असा हवेतच राहिला. लहानूकाका थांबले नाहीत, मागे हटून पुन्हा तोच फेर धरला. दिनेशने पाय खाली आणला. या वेळी डोळे नव्हते, म्हणून अंगठा पुढे झाला. जमीन चाचपली. टाच ठोक्यावर पडली.

छुन्, छन्न.

लहानूकाकांची मान वर झाली. त्यांनी हात थोडा जड केला. दिनेशचा अंगठा पुन्हा आधी गेला, टाच मागून आली. त्याचे खांदेही आता बदलले होते, जड काहीतरी वाहून नेणाऱ्या माणसासारखे. अंगणाच्या मध्यावर चुलीचा एक दगड राहून गेला होता. तृप्ती ओरडणार तेवढ्यात दिनेशच्या अंगठ्याला तो लागला. पाय कडेने वळला आणि ठोका न चुकवता पलीकडे पडला.

“ही बघा! ही बघा आली भवानी!” लहानूकाका ओरडले. “कुठं दडून बसली होती गं तू?” आणि वाजवतच राहिले. अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत त्यांनी दिनेशला नेलं आणि परत आणलं. कुडापलीकडून शेजारची लताबाई कडेवर नातू घेऊन डोकावली. नातवाने त्राटिका ओळखली की नुसता टॉवेल बांधलेला माणूस पाहिला कोण जाणे, पण तो रडायला लागला.

तृप्तीने बाबांकडे पाहिलं. ते मान हलवतील या भीतीने ती इतका वेळ तिकडे बघतच नव्हती. त्यांनी मान हलवली नव्हती. थोडा वेळ ते दिनेशच्या पायांकडे बघत होते. मग त्यांनी बघणं सोडून दिलं. नजर वळवून त्यांनी आईकडे पाहिलं, आणि डाव्या हाताने ओठांशी कप धरल्यासारखं केलं.

“आता चहा सुचला होय?” आई म्हणाली आणि पदराने डोळे पुसत आत गेली. “कालपासून घोटभर घेतला नाय ह्या माणसानं.”

दिनेशने टॉवेल सोडला. कपाळावर टॉवेलच्या कडेचा वळ उमटला होता.

“झालं का?” त्याने विचारलं.

“रोज बांधून करायचं,” लहानूकाका म्हणाले. “पाळीवर जाताना नको. तिकडं मशिनीत हात घालशील.”

*

बोहाड्याच्या रात्री, फटफटायच्या सुमारास, गावाच्या मैदानात त्राटिकेची हाक झाली. मशाली अजून पेटलेल्या होत्या, पण पूर्वेला उजळलं होतं, म्हणून त्यांचा उजेड पिवळट आणि थकलेला दिसत होता. बाबांना खुर्चीसकट उचलून पुढच्या रांगेत ठेवलं होतं. लहानूकाकांनी संबळावर हात फिरवला. पडद्याआडून पिवळा मुखवटा आला आणि पुढे बसलेली पोरं मागे सरली.

तृप्तीने कान लावले. एवढ्या गलक्यात घुंगरं ऐकू येणं कठीण होतं. पण मैदानातला संबळ थांबत नव्हता, आणि तेवढं पुरे होतं. त्राटिका एक फेरी करून खुर्चीपुढे आली. बाबांनी डावा हात वर करून मुखवट्याच्या हनुवटीला लावला, मुलाचा चेहरा धरावा तसा. मग हात सोडला आणि तिला पुढे जाऊ दिलं.

दुसरी फेरी पुरी झाली तेव्हा गावचा पाटील खालच्या आळीतल्या त्या घरच्या माणसाशी काहीतरी बोलला. तो माणूस हसला आणि त्याने लांबूनच दिनेशला हात जोडले. त्राटिका काळूच्या घरीच राहिली.

बोहाड्यात ज्याचं काम कुणाच्या सोंगाला लागलं त्याला त्या घराकडून नारळ देतात. आईने नारळ तृप्तीच्या हातात दिला. “जा, दे त्यांना. मी दिला तर रडीन.”

शेखर मैदानाच्या कडेला तिपाईवर नवा कॅमेरा लावून उभा होता. रात्रभर जागून त्याचे डोळे लाल झाले होते. मागे शाल पांघरून उज्वला बसली होती. ती या वेळी स्वतःच आली होती, कडी लावायचा प्रश्नच ठेवला नव्हता.

“शेखरभाऊ,” तृप्तीने नारळ पुढे केला. “आमच्या घराचा मान.”

शेखरने तिच्याकडे पाहिलंही नाही. त्याने डावा हात मागे करून थांबायची खूण केली.

“एक मिनिट ताई, चालूये. हलू नका. तुमच्या भावाचे पाय आत्ता मोकळे दिसतायत.”

“घ्या की नारळ,” उज्वला मागून म्हणाली. “माणसं उभी आहेत.”

“आधी पाय,” शेखर म्हणाला. “सेकंदाला पन्नास पूर्ण चित्रं लावलीत, ओळींची भानगड नाही. पुढच्याला शोधत बसायला नको.”

तृप्ती दोन्ही हातांत नारळ धरून त्याच्या शेजारी उभी राहिली. हात अवघडले तरी तिने तो खाली ठेवला नाही. समोर त्राटिका परत फिरत होती आणि लहानूकाका मागे मागे सरत तिला वाट करून देत होते.